पहिल्या पाचाबाहेर

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे. फोनच करणार होते, पण फोनवर तू कशी बोलतेस ते मला पाठ आहे. सगळे बरे आहेत, आईच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, बरं ठेवते. तीन वाक्यं, संपलं. तेरा वर्षं आपण दोघींनी तीन-तीन वाक्यांवर काढली, कमालच आहे आपली. पत्राला मधेच 'ठेवते' म्हणता येत नाही, म्हणून पत्र. फाडता येतं, मान्य. पण ही बया एवढी पानं भरून लिहितेय तरी काय, हे बघितल्याशिवाय तू फाडणार नाहीस. तेवढी चौकस तू लहानपणापासून आहेस.

आधी मुद्द्याचं. काल आई म्हणाली, शाळेच्या बास्केटबॉल संघात तुझ्या लेकीला, भिंगरीला, सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचातून काढून बाकावर बसवलंय, पोरगी दोन दिवस धड जेवली नाही, आणि तू सोमवारी शाळेत जाऊन तिचं नावच काढून आणणार आहेस. आईने मला बजावलंय की ताईचं ठरलंय, तू मधे पडू नकोस. मी पडणार आहे. तू चिडलीस तर चीड, आहेत ती तीन वाक्यंही बंद कर, पण सोमवारच्या आत हे पत्र शेवटपर्यंत वाच. अकरा वर्षांच्या मुलीचा खेळ सुटू नये म्हणून मी आज सरावाला चक्क दांडी मारून लिहायला बसले आहे. मी आणि दांडी! यावरून काय ते समज.

तुझ्या मनात आत्ता काय आलं तेही मला इथे ऐकू येतंय. हिला काय जातंय बोलायला, ही आयुष्यभर पहिल्या पाचात नाचली, बाकावर बसणं काय असतं हिला काय माहीत! तर ताई, ऐक. गेली दोन वर्षं मी पहिल्या पाचात नाही. आईला मी हे सांगितलेलं नाही. ती सामन्यानंतर दोनच गोष्टी विचारते, जिंकलात का आणि जेवलीस का, त्यामुळे खोटं बोलायची वेळच आली नाही. तू तर माझा एकही सामना बघत नाहीस, म्हणून तुलाही कळलं नाही. दोन वर्षं मी गणवेशावर जाड जाकीट चढवून मैदानाबाहेर खुर्चीत बसते आणि उठवतील तेव्हा उठते.

झालं असं की आमच्या क्लबला नव्या प्रशिक्षक मॅडम आल्या. मी तिशीची, उजवा गुडघा कुरकुरणारा. आणि त्याच वर्षी संघात एक वीस वर्षांची पोर आली, उंचीने सगळ्यात बुटकी, पायांना चाकं लावल्यासारखी पळणारी. आम्ही तिला पिटुकली म्हणतो. मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. ती खोली म्हणजे अर्धी कोठी, एका कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू, दुसऱ्यात गोळ्या-मलमांची पेटी. त्या म्हणाल्या, यापुढे सुरुवात पिटुकली करेल, तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसशील. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, दिवस नाही सांगत, मी उठवेन तेव्हा उठायचं. मी 'हो मॅडम' म्हणून बाहेर आले, खोलीवर गेले, कपडे धुवायचं यंत्र चालू केलं आणि त्याच्या खडखडाटात घसा मोकळा करून रडले. शेजारीण विचारायला आली, यंत्र बिघडलंय का म्हणून!

रडून झाल्यावर मी राजीनामा लिहायला घेतला. मजकूर आठवावा लागला नाही, कारण असा एक कागद मी आपल्या जेवणाच्या टेबलावर वाचला होता. तुझा. तू तेवीसची होतीस, मी एकोणीसची. आपल्या जुन्या क्लबच्या फळ्यावर सरांनी संघ लावला आणि जिथे चार वर्षं तुझं नाव असायचं तिथे माझं होतं. तू ते वाचलंस, एका शब्दाने कुणाला काही विचारलं नाहीस, पिशवी उचलून चालती झालीस. तासाभराने मी घरी आले तर तुझा कागद लिहून तयार. बाबांनी समजावलं, आईने ताटावरून उठून तुझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी खाली मान घालून जेवत राहिले. मला शिकवलंस तू. डाव्या हाताने ड्रिबल करायला लावायचीस आणि उजवा हात माझ्याच ओढणीने पाठीला बांधून ठेवायचीस. आणि तुझीच जागा मी घेतली, तेव्हा मला 'ताई' अशी हाकसुद्धा मारता आली नाही. त्या दिवशीचं माझं जेवण मला आजही गिळवत नाही.

तर मी माझा राजीनामा अर्धा लिहिला आणि थांबले. चांगुलपणाने नाही, ताई, रागाने थांबले. म्हटलं, एका घरातून दोन-दोन कागद जायचे नाहीत. खुर्ची तर खुर्ची. बसून दाखवते.

बोलणं सोपं होतं. तिसऱ्याच सामन्यात मी जो पराक्रम केला तो ऐकून तू हसशील. हस, मला चालेल. मध्यंतर संपलं, शिट्टी झाली, आणि मी जाकीट काढून ऐटीत मैदानात जाऊन उभी राहिले. अकरा वर्षांची सवय! मध्यंतरानंतर मी कायम आतच असायचे ना. मॅडमनी मला सांगितलेलं नव्हतं, कुणी बाहेरही आलेलं नव्हतं. आम्ही सहा जणी मैदानात. चेंडू आत आला, मी पास मागितला, पिटुकलीने बिचारीने मान राखून दिलासुद्धा. मग समोरच्या बाकावर आरडाओरडा झाला आणि पंचांनी आम्हाला शाळेतल्या पोरींसारखं बोट दाखवत मोजलं. टेक्निकल फाउल. त्यांना एक फ्री थ्रो, तो गेला आत, आणि सामना आम्ही किती गुणांनी हरलो असू? एका. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, सहावीला घरी पाठवा! मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. बसमध्ये शेजारी येऊन एवढंच म्हणाल्या, तू अजून खुर्चीत बसलेलीच नाहीस, नुसती टेकलेली असतेस. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि खरंच होतं ते. मी बसायचे कशी, तर कधी एकदा ही पिटुकली चुकते याची वाट बघत. मग आत गेल्या गेल्या मला सगळ्या जगाला दाखवून द्यायचं असायचं. पहिला चेंडू हातात आला की लांबून भिरकावलाच. अंग गार, पाय लाकडी, डोक्यात राग. एका सामन्यात सहा शॉट मारले, सहाही बाहेर. मला वाटायचं, मॅडम मला वेळ देत नाहीत. वेळ दिला असता तरी मी तो असाच उधळला असता.

मला वठणीवर आणलं ते आमच्या फरशीवाल्या मावशींनी. सरावाच्या सभागृहाची लाकडी जमीन त्या वीस वर्षं पुसतायत. खेळाचे नियम त्यांना ठाऊक नाहीत, पण खेळाडू त्यांना चालण्यावरून कळतात. एका दुपारी मी एकटीच चिडून चिडून शॉट मारत होते तर म्हणाल्या, बाई, इथे तुझे सगळे जातात, कारण तू तासभर पळून तापलेली असतेस. सामन्यात तुला कोण तापवून देतं? बसून बसून तुझं इंजिन गार पडतं आणि मग आत जाऊन खोकतं. मी म्हटलं, मग काय करू? त्या म्हणाल्या, मला काय विचारतेस, गार असताना मारायला शीक. इतकं सरळ होतं आणि इतक्या शहाण्या माणसांच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग आमचं सुरू झालं. सराव संपला की मी जाकीट घालून बाकावर बसायचे. मावशी फरशी पुसत राहायच्या. त्यांच्या मनात येईल तेव्हा, कधी पाच मिनिटांनी, कधी पंचवीस, त्या बादलीवर काठी हाणायच्या. की मी उठायचं, जाकीट फेकायचं, पळत जायचं आणि एकही ड्रिबल न करता शॉट मारायचे, दहा. पुन्हा येऊन बसायचं. पहिल्या दिवशी दहातले दोन गेले. मावशी म्हणाल्या, बरं झालं, दोन तरी जातात. महिन्याभराने चार झाले. एकदा मी कंटाळून म्हटलं, आज राहू दे, तर त्यांनी काठी माझ्याच अंगावर उगारली; म्हणाल्या, मी नोकरीचा वेळ सोडून थांबते, तू नखरे करतेस? सात महिने, ताई, एक दिवस खाडा नाही. पाऊस, ताप, गुडघ्याला पट्टा, काहीही असो, बादली वाजली की मी उठलेली असायचे. सातव्या महिन्यात दहातले आठ जायला लागले आणि मावशींनी पहिल्यांदा काठी बाजूला ठेवून टाळी वाजवली. मी त्यांच्या गळ्यात पडले. घामट आहेस, दूर हो, म्हणाल्या.

दुसरी गोष्ट शिकले ती बघायला. पहिल्या पाचात असताना मी सामना कधी बघितलाच नव्हता, धापा टाकण्यातून सवड कुठे होती! खुर्चीतून सगळं दिसतं. समोरची कोण दमल्यावर हात गुडघ्यांवर ठेवते, कोण डावीकडे वळताना आधी खाली बघते, कुणाला एक फाउल झाला की ती घाबरून हात मागे घेते. पिटुकली पहिली सहा-सात मिनिटं त्यांना इतकं पळवते की त्यांची जीभ बाहेर येते. आणि मग मी जाते. आता मी तिच्या चुकीची वाट बघत नाही. ती जितकी छान पळेल तितकं माझं काम सोपं. परतताना ती धापा टाकत माझ्या कानात सांगते, सात नंबरचा डावा पाय गेलाय, तिकडून जा. आणि मी तिकडून जाते. आधी जिचा दुस्वास करायचे, तिच्याशिवाय आता माझं पान हलत नाही.

पहिल्यांदा सगळं जुळलं त्या दिवशी मी आठ मिनिटांत चौदा गुण केले. दुसऱ्या वेळी सतरा. मग असं व्हायला लागलं की मी जाकिटाची बटणं काढायला घेतली की समोरचे प्रशिक्षक आपली माणसं हलवायला लागतात. आमच्याकडे मॅडमच्या शेजारची खुर्ची माझी, ती रिकामी असली तरी कुणी तिच्यावर टॉवेलसुद्धा ठेवत नाही. प्रेक्षकांतले लोक मला अजून 'सहावी' म्हणतात, पण आता उभे राहून म्हणतात. गेल्या वर्षी करार संपला तेव्हा वाटलं, झालं, तिशी उलटलेल्या बाईला कोण ठेवणार. मॅडमनी सगळ्यात आधी माझा करार केला.

आता गेल्या शनिवारचं. या सामन्यावर पुढच्या फेरीत जायचं की घरी जायचं ते ठरणार होतं. सकाळी पिटुकलीचा घोटा मुरगळला. मॅडमनी मला विचारलं, आज सुरुवात करशील? दोन वर्षांपूर्वी या प्रश्नासाठी मी नवस बोलले असते. मी म्हटलं, नको, राखीवमधल्या नव्या मुलीला पाठवा, तिला पळू दे, मला माझ्या वेळेला उठवा. मॅडम हो म्हणाल्या. नवी मुलगी घाबरली, आम्ही अकरा गुणांनी मागे पडलो, लोक माझं नाव घेऊन ओरडायला लागले. मी बसून राहिले. त्यांच्या सात नंबरने हात गुडघ्यांवर ठेवेपर्यंत मी बसून राहिले. मग मॅडमनी नुसती मान हलवली आणि मी उठले. पहिला शॉट, एकही ड्रिबल न करता, आत. दुसरा आत. तिसऱ्याला त्यांनी दोघींना माझ्या अंगावर पाठवलं तर नवी मुलगी मोकळी सुटली, तिला पास दिला, तिने टाकला. एकवीस गुण केले मी, ताई, आणि आम्ही चार गुणांनी जिंकलो. आनंद झाला का? अगं, एवढा आनंद मला पहिल्या पाचात असताना एकदाही झाला नव्हता. हे सगळं मिरवायला लिहीत नाही. बाकावर बसवलेली मुलगी टाकून दिलेली नसते, हे मी आता शपथेवर सांगू शकते, आणि ते भिंगरीला सांगायला तुझ्या घरात कुणी नाही, म्हणून लिहिते. नाव काढण्याआधी तिच्या शिक्षकांना एवढंच विचार की तुम्ही हिला नेमकं कधी उठवणार आहात. त्यांच्याकडे उत्तर असेल. आपण दोघींनी ते कधी विचारलं नाही, तू नाहीस आणि मी नाही, असं लिहून मी इथे सही करणार होते.

पण मग ते खोटं झालं असतं. शनिवारी सामना संपल्यावर जुने सर भेटायला खाली आले. थकलेत, हातात काठी, कानाला यंत्र. माझा हात धरून म्हणाले, आज तू जे खेळलीस ना, ते मी तुझ्या ताईसाठी ठरवलं होतं. तिला माझा निरोप दिला होतास ना? आणि बत्तीस वर्षांची घोडी मी, मान डोलावली. ताई, त्या दिवशी तू फळ्यापासून निघून गेलीस तेव्हा सर तुझ्या मागे फाटकापर्यंत आले होते. तू दिसेनाशी झाली होतीस, म्हणून त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, तिला सांग, तुला काढलेलं नाही, धाकटीला पहिली पाच मिनिटं पळू दे, समोरचे दमले की तू आत ये, मला सामना तुझ्या हातात द्यायचाय. राग आला असेल तर उद्या घरी येऊन माझ्याशी भांड म्हणावं. घर बारा मिनिटांवर होतं, मी तासाने पोचले. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं, मग सकाळी सांगू म्हटलं, मग तू कागद देऊन आलीस. मला सांगायचं नव्हतं. तू माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होतीस, तू थांबली असतीस तर महिन्याभरात ती जागा परत घेतली असतीस, आणि मला ती हवी होती. तुला कुणी टाकलं नव्हतं, ताई. तुला बोलावलं होतं. ते मी दाबून ठेवलं, आणि तेच आता भिंगरीच्या वाट्याला येतंय, म्हणून हे पत्र. माफ कर असं म्हणायचं माझं तोंड नाही. सोमवारी घरातल्या कुणाचं नाव काढायचंच असेल तर माझं काढ, तिचं राहू दे.

तू ठेवलीस तर तुझीच,
धाकटी